तिकडे काहीतरी झालंय

११ जुलै १९९७, शुक्रवार. मी तेव्हा बारावीत होते आणि आम्ही घाटकोपर पूर्वेला पंतनगरात राहत होतो. सकाळी दूध आलं, पेपर आला, पण खाली उतरले तर बसचा पत्ता नव्हता. स्टॉपवरची माणसं एकमेकांना विचारत होती आणि कुणालाच धड काही माहीत नव्हतं. हायवे बंद आहे, एवढंच कळलं. जिना चढून परत वर आले. आईने गॅलरीचं दार ओढून कडी घातली आणि म्हणाली, "तिकडे काहीतरी झालंय. आज राहू दे कॉलेज."

तिकडे म्हणजे माता रमाबाई आंबेडकर नगर. आमच्या दारातून चालत पंधरा मिनिटं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी तिथल्या. कॉलेजात माझ्या शेजारी बाकावर बसणारी मैत्रीण तिथली. तरी आमच्या बोलण्यात ते कायम 'तिकडे' असायचं.

पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला होता. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. १० माणसं गेली, त्यांत आंदोलनाशी काही संबंध नसलेलेही होते. दुसऱ्या दिवसापासून एकच कारण कानावर येत राहिलं: जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, पोलिसांपुढे दुसरा इलाज नव्हता. आमच्या घराने टँकरवर विश्वास ठेवला. बाबांनी ठेवला, मीही ठेवला. टँकर पेटला असता तर आपली बिल्डिंगही राहिली नसती, असं जेवताना बोलणं झालेलं मला आठवतं.

मैत्रीण दोनेक आठवड्यांनी वर्गात आली. बसली, वही काढली, बुडलेल्या तासांच्या नोट्स मागितल्या. मी दिल्या. मी तिला काहीही विचारलं नाही.

पुढची पंधरा वर्षं त्या सकाळीची माझी माहिती टँकरपाशीच थांबलेली होती. २०१२ च्या सुरुवातीला एका सहकाऱ्याने मध्य मुंबईतल्या एका चाळीच्या पटांगणात सिनेमा बघायला नेलं. दोन बांबूंना ताणून बांधलेला पांढरा पडदा, पहिल्या मजल्यावरच्या खोलीतून सोडलेली वायर, पुढे सतरंज्या, मागे घराघरांतून आणलेल्या खुर्च्या. वारा आला की पडदा फुगायचा आणि त्यावरच्या माणसांचे चेहरे हलायचे. सिनेमाचं नाव 'जय भीम कॉम्रेड', दिग्दर्शक आनंद पटवर्धन. लांबी सुमारे २०० मिनिटं. एवढा वेळ लोक बसतील का, अशी शंका मनात होती. लोक बसले. पोरं मांडीवर झोपून गेली, आया बसून राहिल्या. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, पायजमा, स्वेटर, कानाला मफलर. पडद्यावर शाहीर गायला लागला की त्यांचा हात गुडघ्यावर ठेका धरायचा. गाणं संपलं तरी हात काही क्षण चालूच राहायचा.

तो शाहीर म्हणजे विलास घोगरे. गोळीबारानंतर तो रमाबाई नगरात जाऊन आला, तिथलं सगळं पाहिलं आणि १५ जुलैला मुलुंडच्या आपल्या झोपडीत त्याने गळफास घेतला. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या या माणसाने मरताना डोक्याला निळं फडकं बांधलं होतं. ते निळं फडकं का, या एका प्रश्नापासून सिनेमा सुरू होतो आणि महाराष्ट्रातली जात, गाणं, राजकारण असं सगळं उकरत जातो. टँकरची गोष्टही त्यात येते. टँकर हे कारणच नव्हतं, हे माझ्या शहरातल्या लोकांसमोर, उघड्यावर, त्या फुगणाऱ्या पडद्यावर मला कळलं. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने तर गोळीबार असमर्थनीय होता असं कधीच म्हणून ठेवलं होतं. ते मी वाचलं नव्हतं. २००९ मध्ये गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली आणि मग त्याला जामीनही मिळाला. तेही मला माहीत नव्हतं. जेमतेम पंधरा मिनिटांच्या अंतरावरची गोष्ट माझ्यापर्यंत यायला पंधरा वर्षं लागली, आणि ती आणून देणारा माणूस त्यातली १४ वर्षं कॅमेरा घेऊन तिच्यामागे होता.

आनंद पटवर्धन हे नाव मी तोवर फक्त कोर्टाच्या बातम्यांत वाचलं होतं. त्या रात्रीनंतर त्यांचे सिनेमे मिळतील तसे पाहिले. काही मित्रमैत्रिणींबरोबर ते दाखवायलाही लागले. एकदा आदल्या संध्याकाळी सभागृहाने नकार कळवला, कारण सांगितलं नाही. आम्ही एका सोसायटीच्या गच्चीवर चादर बांधून खेळ केला. या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू ध्यानात येत गेली, आणि तीच मला इथे सांगायची आहे. हा माणूस परत जातो. विषय संपला, बक्षीस मिळालं, बातमी शिळी झाली, तरी हा परत त्याच माणसांकडे जातो.

सुरुवात बिहारची. १९७४. पटवर्धन तेव्हा २४ वर्षांचे. मुंबईत वाढलेले, अमेरिकेत समाजशास्त्र शिकलेले, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत उतरलेले, कॅलिफोर्नियात सीझर चावेझच्या शेतमजूर संघटनेबरोबर राबलेले, परत येऊन मध्य प्रदेशातल्या खेड्यात काम केलेले. सिनेमाचं रीतसर शिक्षण नाही. जयप्रकाशांच्या आंदोलनात ४ नोव्हेंबरला पाटण्यात मोठा मोर्चा निघणार होता. पोलीस लाठ्या चालवतील तर पुरावा हवा, म्हणून कॅमेरा हवा. मिळाला तो उसना, सुपर एट. घरगुती वाढदिवस टिपायचा खेळण्याएवढा कॅमेरा. एका काडतुसात जेमतेम तीन मिनिटं. लाठ्या चालल्या, जयप्रकाशांवरही चालल्या. ते चित्रण मोठ्या पडद्याच्या लायकीचं करायला पैसा नव्हता, म्हणून ते भिंतीवर दाखवून समोरून सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने परत टिपलं. 'क्रांती की तरंगें' असा तयार झाला. चित्रावर दाणे दिसतात, कडा काळवंडलेल्या आहेत. मला ते दाणे आवडतात. तीन मिनिटांत संपणारं काडतूस हातात असलेला माणूस कशासाठी बटण दाबतो, ते त्यात दिसतं.

मग आणीबाणी आली. तो सिनेमा घरात असणं हाच गुन्हा. प्रतीचे तुकडे केले, परदेशी जाणाऱ्या वेगवेगळ्या लोकांबरोबर पाठवले आणि कॅनडात ते पुन्हा जोडले. पटवर्धन तेव्हा मॉन्ट्रियलला शिकायला गेले होते. तिथेच राहून, तिथल्या पंजाबी शेतमजुरांवर सिनेमे करत नाव कमावता आलं असतं; त्यांच्यावर त्यांनी एक सिनेमा केलाही. पण आणीबाणी उठताच ते इथे आले आणि पहिलं काम केलं ते राजकीय कैद्यांवर, 'ज़मीर के बंदी', १९७८. आणीबाणी उठली म्हणून तुरुंगातले सगळे सुटले असं नाही, हे सांगणारा. जिंकल्याचा आनंद लोक साजरा करत असताना आत उरलेल्यांकडे जायचं, हा स्वभाव तेव्हापासूनचा.

'हमारा शहर' १९८५ चा. मुंबईतल्या फुटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या माणसांचा, ज्यांच्या झोपड्यांवर महापालिकेचा हातोडा पडत होता. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या हक्काचा ओल्गा टेलिस खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्याच वर्षीचा. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला एक प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला आहे. तोडलेल्या झोपडीपाशी उभी असलेली एक बाई थेट कॅमेऱ्याकडे वळते आणि फिल्म करणाऱ्यांवरच भडकते. तुम्ही गरिबांचे फोटो काढणार, नाव कमावणार आणि निघून जाणार, असा तिचा आरोप. तिचा आवाज चढत जातो. कॅमेरा मागे सरत नाही, पण उत्तरही देत नाही. सिनेमा करणारा दुसरा कुणी असता तर हा तुकडा कापून टाकता आला असता. सोळा मिलिमीटरच्या ४०० फुटी रिळात ११ मिनिटं मावतात, रीळ महाग, आणि त्यातलं बरंच टाकूनच द्यायचं असतं. पटवर्धनांनी तो ठेवला.

मला वाटतं त्या बाईला उत्तर देण्यात त्यांची पुढची वर्षं गेली. पहिलं उत्तर वर्षभरात आलं. १९८६ मध्ये संजय गांधी नगरची वस्ती तोडली तेव्हा तिथल्या रहिवाशांबरोबर ते उपोषणाला बसले, शबाना आझमीही होत्या. रहिवाशांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. दुसरं उत्तर यायला खूप वेळ लागला. 'हमारा शहर'मध्ये एक तरुण शाहीर गातो, शहरात येऊन शहराला पोसणाऱ्या माणसांची कथा सांगणारं गाणं. तो विलास घोगरे. सिनेमा झाल्यावर दिग्दर्शक आणि गायक यांचे रस्ते वेगळे झाले असते तरी कुणी बोल लावला नसता. पण १२ वर्षांनी विलास गेल्याचं कळलं आणि पटवर्धन कॅमेरा घेऊन मुलुंडला गेले. खटला चालू होता तोवर चित्रीकरण चालू राहिलं. मधल्या काळात विलाससारखेच गाणारे नवे तरुण आले, पुण्याचा कबीर कला मंच, शीतल साठे. सिनेमा संपत आला आणि ही मुलं भूमिगत झाली, २०१३ मध्ये विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाली. तेव्हाही त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या लोकांत पटवर्धन होतेच.

पण परत जायला माणूस उरलाच पाहिजे असं नाही. १९९० च्या शरद ऋतूत सोमनाथहून रथयात्रा निघाली तेव्हा पटवर्धन तिच्या मागावर होते. 'राम के नाम' बाबरी पडण्याआधी तयार झाला, ही गोष्ट लोक विसरतात. त्यांचा आवाज कॅमेऱ्यामागून येतो, साध्या हिंदीत, बिनअभिनिवेशाचा. प्रश्नही साधेच. राम कधी जन्मले, असं ते उत्साहाने भरलेल्या तरुणांना विचारतात आणि तरुण एकमेकांकडे बघतात. पण त्या सिनेमाचा कणा आहेत पुजारी लालदास. न्यायालयाने नेमलेले रामजन्मभूमी मंदिराचे पुजारी. दाढी, अंगावर साधं वस्त्र, शांत बसलेले. रामावर श्रद्धा असलेला हा माणूस, हे सगळं सत्तेसाठी आणि पैशासाठी चाललंय, असं आवाज न चढवता सांगतो. वादळ येतं आणि नुकसान करून जातं, तसं हेही जाईल, अशा भावाने बोलतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये लालदासांना गोळ्या घालून मारलं. आज त्यांचं बोलणं आपल्याकडे आहे ते या चित्रणामुळे. गच्चीवरच्या खेळाला एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, रोज रामरक्षा म्हणणाऱ्या. सिनेमा संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "हे पुजारी माझ्या वडिलांसारखे बोलतात." त्या वाक्यानंतर गच्चीवर वाद झालाच नाही.

आता कोर्टाविषयी. 'राम के नाम'ला शोधपटाचा राष्ट्रीय पुरस्कार सरकारनेच दिला आणि तो दाखवायला दूरदर्शनने नकार दिला. तेव्हा घराघरांत पोचायला दूरदर्शनशिवाय वाट नव्हती. ज्यांच्यावर सिनेमा केला त्यांच्यापर्यंत तो जायचा तर याच खिडकीतून. म्हणून ते न्यायालयात गेले. आणि एकदा नाही, जवळजवळ प्रत्येक सिनेमासाठी. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ चा; तो दाखवा असं दूरदर्शनला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००६ मध्ये आला. अकरा वर्षं. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर केलेल्या 'जंग और अमन'मध्ये सेन्सॉर बोर्डाला २१ ठिकाणी कात्री हवी होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो २००३ मध्ये एकही फ्रेम न कापता मोकळा केला. तारखा, प्रतिज्ञापत्रं, पुढची तारीख. आमच्या नात्यात जमिनीचा एक दावा वीस वर्षं चालला, त्यामुळे कोर्टाची पायरी म्हणजे काय ते मला जवळून माहीत आहे. माणूस कंटाळून सोडून देईल यावरच समोरचा पक्ष विसंबलेला असतो. हा माणूस तिथेही परत परत गेला. त्याचा फायदा त्यांच्यापुरता राहिला नाही. पुढे दुसऱ्या कुणाचा माहितीपट अडला की वकिलांनी हेच निकाल हाताशी घेतले.

माहितीपट. हा शब्द मला नेहमी थोडा अपुरा वाटतो. लहानपणी थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची काळीपांढरी पट्टी लागायची, धरण, कारखाना, पूर, मंत्र्यांची भेट. मागून भारदस्त आवाज सगळं समजावून सांगायचा. लोक तेवढ्यात वडा घेऊन यायचे. तो माहितीपट. तिथे आवाजाला सगळं आधीच माहीत असायचं. पटवर्धनांच्या सिनेमात निवेदन फार थोडं, आणि माणसं खूप. पडद्यावरची माणसं बोलतात, अडखळतात, खोटं बोलतात आणि पकडली जातात, गातात. माहिती मिळते, पण लक्षात राहतो तो गुडघ्यावर ठेका धरणारा हात.

२००४ मधली एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईच्या सरकारी आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करायचं घाटलं. देशभरातले माहितीपट करणारे एक झाले. सक्ती मागे घेतली, पण टोचणारे अनेक सिनेमे निवडीतच गाळले. मग या लोकांनी त्याच दिवसांत 'विकल्प' नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. पुढची कितीतरी वर्षं छोट्या खोल्यांत, कॉलेजांत, वस्त्यांत जे खेळ होत राहिले त्यांचं मूळ तिथे आहे. आमची गच्चीही त्याच झाडाची एक फांदी.

सगळंच आवडतं असं नाही. 'पिता, पुत्र'चा दुसरा भाग मला पसरलेला वाटतो. कधी कधी त्यांचा प्रश्न आधीच एका बाजूला झुकलेला असतो आणि समोरच्याला तो सापळा वाटणं स्वाभाविक आहे. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या खुनांभोवती उभा केलेला 'विवेक' जवळजवळ चार तासांचा आहे आणि तो एका बैठकीत पाहणं मला जमलं नाही, तीन रात्री लागल्या. पण दुसऱ्या रात्री, पुण्यातल्या ओंकारेश्वराजवळच्या पुलाचं दृश्य आलं तेव्हा मी थांबवलं आणि बराच वेळ तशीच बसले. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांना तिथे गोळ्या घातल्या. त्या पुलावरून मी दहा वेळा गेले आहे. पुन्हा 'तिकडे' म्हणायची सोय राहिली नव्हती. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात २०१८ मध्ये या सिनेमाला सर्वोत्तम ठरवलं. दुसऱ्याच वर्षी केरळच्या महोत्सवात तो दाखवायची परवानगी केंद्राने नाकारली, आणि पुन्हा उच्च न्यायालयात जावं लागलं.

आणि मग, सत्तरी ओलांडल्यावर, ते घरी गेले. 'वसुधैव कुटुंबकम्' २०२३ चा. आईवडील म्हातारे होत चालले तेव्हा मुलाने घरातच अधूनमधून कॅमेरा सुरू ठेवला होता, सिनेमा करायचा म्हणून नाही, माणसं जाणार हे दिसत होतं म्हणून. वडिलांचे भाऊ रावसाहेब आणि अच्युतराव, नगरचे पटवर्धन, स्वातंत्र्यलढ्यातले. अच्युतराव बेचाळीसच्या भूमिगत चळवळीतले. आई निर्मला सिंधमधल्या हैदराबादच्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या, मातीकाम करणाऱ्या. देशाची गोष्ट इथे जेवणाच्या टेबलावर, अंथरुणावर, विस्मरणाच्या अधल्यामधल्या फटींत सांगितली जाते. आयुष्यभर मोर्चांमधून कॅमेरा नेणारा माणूस इथे आपल्या आईच्या हातांकडे बघत बसतो. मला त्यांच्या सगळ्या कामात हा सिनेमा सर्वांत जवळचा वाटतो.

तो पाहून आले त्या आठवड्यात मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा नंबर शोधला. तीन जणींकडून फिरत मिळाला. ती आता कल्याणच्या पुढे राहते, सरकारी नोकरीत आहे, मुलगी इंजिनिअरिंगला. रविवारी गेले. तिने पोहे केले होते. इकडचंतिकडचं बोलून झालं आणि मी म्हटलं, १९९७ मध्ये तू कॉलेजात परत आलीस तेव्हा मी तुला काही विचारलं नाही.

"कुणीच विचारलं नाही," ती म्हणाली. रागाने नाही. मग बशी बाजूला ठेवली आणि सांगायला लागली. त्या सकाळी ती नळावर होती. पाणी तासभरच यायचं, म्हणून पहिला हंडा भरत होता आणि दुसरा पायाशी होता. आरडाओरडा झाला तशी आई धावत आली आणि तिचा दंड धरून तिला आत ओढलं. नळ तसाच चालू राहिला. दार लावून आत बसल्यावर बराच वेळ त्यांना हंडा भरून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, आणि बाहेर जाऊन तो बंद करायची कुणाची हिंमत होत नव्हती.

मी फोन बाहेर काढला आणि विचारलं, रेकॉर्ड केलं तर चालेल का. तिने क्षणभर फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज नको," ती म्हणाली. "पुढच्या वेळी येशील तेव्हा."